प्लॅस्टर निघाल्यानंतर

वाचकहो, दिवाळी अंकात काहीतरी गोडधोड लिहावे असा शिरस्ता आहे. पण यंदा मी तुम्हांला माझ्या उजव्या मनगटाची कहाणी सांगणार आहे.

२०२४ सालच्या जानेवारीत मी टोरांटोला मुलाकडे होते. ताजे बर्फ कापसासारखे मऊ असते. पाडते ते नंतरचे. दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठते आणि रस्त्यावर काचेसारखा पातळ थर धरतो. खालचे डांबर आरपार दिसते, म्हणून त्याला तिकडे ‘काळे बर्फ’ म्हणतात. मला वाटले, रस्ता नुसता ओला आहे. नातीला शाळेच्या बसवर सोडून परतताना पाय सटकला, मी तळहात टेकला आणि मनगटात काडकन आवाज झाला.

सूनबाई धावत आली. तिने आधी काय केले असेल, तर माझ्या पाटल्या आणि अंगठी उतरवायला घेतल्या!

“अगं, सवाष्णीचा हात मोकळा करतेस?”

“आई, हात सुजला की कापून काढाव्या लागतील.”

साबणाच्या पाण्याने त्या निघाल्या. तासाभरात मनगट असे फुगले की, मी मनातल्या मनात तिची क्षमा मागितली.

इस्पितळात फोटो काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कॉलिसचे फ्रॅक्चर.” डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यवैद्याने १८१४ साली त्याचे वर्णन लिहिले. क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ साली! हाड जागेवर बसवून प्लॅस्टर घातले आणि सूचना मिळाल्या : हात उशीवर उंच ठेवा, बोटे, कोपर, खांदा हलवत राहा, बोटे निळी किंवा बधिर पडली, ठणका वाढला, तर तडक या.

पण मोडका हात हलवायचा नाही, ही आपली पिढीजात समजूत. मी हात शालीत गुंडाळून बसले. आठवड्याने पुन्हा फोटोला बोलावले, तेव्हाही कुरकुरले. मुलगा म्हणाला, “आई, प्लॅस्टरच्या आतसुद्धा हाड सरकू शकते.” सुदैवाने ते सरकले नव्हते.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले आणि मूठच वळेना. नात फणी घेऊन आली, “आजी, वेणी घाल.” तीन पेड काही बोटांत धरता येईनात. पोर शहाणी. “राहू दे, आजी,” म्हणून आईकडे गेली. पडले तेव्हा मी रडले नव्हते. त्या रात्री रडले.

मग मात्र व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचे ऐकले. कोमट पाण्यात हात, मूठ वळणे-सोडणे, मनगट वरखाली, ओला स्पंज दाबणे. दिवसातून तीनदा, कित्येक महिने.

निघताना डॉक्टरीणबाईंनी आणखी एक बजावले : पन्नाशीनंतर चालता चालता पडून हाड मोडले, तर सारा दोष बर्फाचा नसतो, हाडांची घनता तपासा. पुण्याला येऊन तपासली. हाडे ठिसूळ निघाली. औषध चालू आहे. नाहीतर पुढचा नंबर कदाचित खुब्याचा असता!

तेव्हा, हिवाळ्यात मुलांकडे जाणाऱ्यांनो, खरखरीत तळाचे बूट घाला, पावले आखूड टाका, हात खिशात कोंबू नका. आणि न जाणाऱ्यांनो, आपली न्हाणीघराची ओली फरशी काही बर्फाहून कमी नाही. हाड डॉक्टर बसवतात. हात मात्र आपल्यालाच परत मिळवावा लागतो.

यंदा नात दिवाळीला आली आहे. चकलीचा सोऱ्या मीच फिरवला आणि तिची वेणीही मीच घातली. जरा सैल झाली, पण तिने ती दिवसभर सोडू दिली नाही.