खाणी आटल्या, घड्याळं आली

डोंबिवलीचा नोकरदार ‘सव्वाआठची लोकल’ म्हणत नाही. आठ-सतरा म्हणतो आणि जिना धावत उतरतो. मिनिटामिनिटावर जगणाऱ्या या शहराने जर्मनीतल्या एका घड्याळाच्या गावाकडे जरा पाहावं. वेळ पाळण्यासाठी नाही, ते काम इथे उत्तम चालतं. एमआयडीसीच्या रिकाम्या होऊ घातलेल्या भूखंडांसाठी.

सॅक्सनीतलं ग्लासह्यूटे हे डोंगरातलं गाव चांदीच्या खाणींवर जगत होतं. खाणी आटल्या आणि गाव कंगाल झालं. ड्रेस्डेनचा घड्याळजी फर्डिनांड अडॉल्फ लांग याने सरकारदरबारी अर्जांवर अर्ज करून कर्ज मिळवलं आणि ७ डिसेंबर १८४५ रोजी तिथे कारखाना काढला. हाताशी होती १५ शिकाऊ मुलं. त्यांतली काही आधी गवताच्या काड्या विणून पोट भरत. लांगची खरी हुशारी पुढची आहे. शिकून तयार झालेल्यांना त्याने स्वतःची दुकानं थाटायला लावली: कुणी स्क्रू करायचे, कुणी काटे, कुणी चाकं. गावच कारखाना झालं. १८७८ मध्ये घड्याळकामाची शाळाही निघाली.

लांगच्या घड्याळांची ओळखही या कारागिरीतूनच घडली. यंत्राचा तीन चतुर्थांश भाग झाकणारी एकच प्लेट, म्हणजे चाकं जागची हलत नाहीत. आणि तोल सांभाळणाऱ्या चाकावरच्या पट्टीवर हाताने कोरलेली नक्षी.

मग युद्ध आलं. १९४५ मध्ये कारखान्यावर बॉम्ब पडले, १९४८ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला, पुढे लांगचं नावच घड्याळांवरून गेलं. बर्लिनची भिंत पडल्यावर पणतू वॉल्टर लांग परतला आणि ७ डिसेंबर १९९० रोजी त्याने कंपनी पुन्हा नोंदवली. तेव्हा त्याचं वय ६६ होतं. चार वर्षांनी ‘लांग १’ बाजारात आलं; त्यातली मोठी तारीख ड्रेस्डेनच्या ऑपेरागृहातल्या पाच मिनिटांनी बदलणाऱ्या घड्याळावरून सुचलेली. हे जमलं, कारण सरकारी कारखान्यातही गावाने घड्याळं करणं सोडलं नव्हतं. पाटी गेली होती, हात शाबूत होते.

आता डोंबिवली. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, रासायनिक कारखान्यांतले दोन स्फोट, कित्येक बळी. धोकादायक रासायनिक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. ते हलावेत, यात दुमत नाही. पण त्या जागी काय येणार, हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: टॉवर. एमआयडीसीचा जन्म १९६२ मध्ये ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये झाला. तिथे यंत्रांच्या जागी काचेच्या कचेऱ्या कशा उभ्या राहिल्या, ते ठाणेकर जाणतात.

लाखमोलाची मनगटी घड्याळं डोंबिवलीत बनावीत, असा हट्ट कुणी धरणार नाही. मात्र सूक्ष्म सुटे भाग, मोजमापाची उपकरणं, वैद्यकीय अवजारं यांना लागणारा हात तोच आहे, आणि अंबरनाथची आयटीआय जवळच आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा आहे. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला किमान अडीच टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. मोकळ्या होणाऱ्या भूखंडांवर येणाऱ्या उद्योगाला ही मर्यादा दहा टक्क्यांची करावी, आणि निवासी वापराचा प्रत्येक प्रस्ताव त्याआधी थांबवावा.