व्हिनेगरचा बोळा

पाटणच्या एसटी स्टँडवर पहाटे एखादी बाई बसलेली दिसते. मांडीवर फायलींची पिशवी, पदराखाली आवळून धरलेली कंबर. कराड, पुणे, मग परळ. टाटा इस्पितळ 1941 पासून तिथं उभं आहे आणि भोवतालच्या फुटपाथवर रोग्यांची बिऱ्हाडं. कोयनेची वीज तारेवरनं मुंबईला पोचते. कोयनेच्या बाईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर घेऊन स्वतःच जावं लागतं. तेही रक्त जायला लागून कैक महिने उलटल्यावर.

आणि आता भली माणसं म्हणतात, गरिबाला क्लिनिकल ट्रायलमध्ये जागा मिळाली पाहिजे. अरे, मिळालीय की! कुठली, ते ऐका.

1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटानं एक ट्रायल चालवली. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. वस्त्या परक्या नव्हेत. कोयना-मोरणेच्या खोऱ्यातनं गिरणीत, माथाडीत गेलेला माणूस असल्याच वस्त्यांत टेकला. 75 हजार बायांची दर दोन वर्षांनी तपासणी. चार टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, त्याचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. दुसऱ्या 76 हजार बाया कंट्रोल ग्रुपात. त्यांना सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती. तपासणी नाही. मग वर्षानुवर्षं मोजणी, कोण कशानं मेली. 2013 साली शिकागोत निकाल वाचला: तपासलेल्यांत या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. टाळ्या!

उस्मानाबादेत, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तोच खेळ गेट्स फाउंडेशनच्या पैशावर. 2009 ला छापून आलं. एचपीव्ही तपासणी झालेल्या 34 हजारांत मृत्यू 34. बिनतपासणीच्या 31 हजारांत 64.

या बायांना तपासलं का नाही? उत्तर तयार आहे: भारतात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणंच, म्हणून तुलना तिच्याशी. वा रे शास्त्र! गावकुसाबाहेर पाणी नाही, तर पाणी न देता तहानेनं किती मरतात ते मोजू या, असंच ना? पॅप तपासणी जगाला 1940 च्या दशकापासून ठाऊक होती. अमेरिकेतल्या बायांना असं बिनतपासणीचं ठेवून मोजलं असतं काय?

ट्रायलच नको, असं आम्ही म्हणत नाही. बोळा कामाचा आहे, हे आमच्याच बायांच्या अंगावर सिद्ध झालं. आणि मुंबईत तो लावणाऱ्या कोण होत्या? दहावी शिकलेल्या, चार आठवडे तयार केलेल्या आरोग्यसेविका. मोठा डॉक्टर नको, मशीन नको. मग सरकारला अडचण कसली? 2016 ला केंद्रानं तपासणीचे नियम काढले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते एकोणपन्नाशीतल्या बायांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या देशात शंभरात दोनही भरल्या नाहीत.

म्हणजे ट्रायल संपली, कंट्रोल ग्रुप संपलाच नाही. त्यात आपल्या आया आहेत.

दोस्तांनो, 14 एप्रिलला गावी जाल. मिरवणुकीआधी एक दिवस काढा. पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात, मग प्रत्येक उपकेंद्रात जा. विचारा, गेल्या महिन्यात किती बाया तपासल्या, डाग किती जणींना निघाला, त्यांना पुढं कुठं धाडलं, गाडीभाडं कुणी दिलं. वही घेऊन जा. आकडा सहीनिशी मागा.