जिलेबीचे पीठ आणि तोडलेला ऊस

आपल्याकडे जिलेबी म्हणजे लग्नाची पंगत, नाहीतर १५ ऑगस्टची सकाळ. भोपाळला मात्र ती पोह्यांबरोबर रोजच्या न्याहारीला असते. मावशीकडे गेले होते तेव्हा एका हलवायाला कालचे उरलेले पीठ आजच्या मैद्यात कालवताना पाहिले. पीठ बोटाने उचलले, तार सुटली, तसा तो समाधानाने कढईकडे वळला. मावशी म्हणाली, "बघ गं, आपल्या आंबोळीसारखंच!" माझ्या सासूबाई दोशाचे पीठ असेच बोटाने पाहतात आणि म्हणतात, "हिट्टु हुळी बंतु."

ही तार येते कुठून? जिलेबीत मोठा वाटा मैद्यातल्या ग्लुटेनचा, आणि इडली-दोशात उडदाच्या स्वतःच्या डिंकाचा, ज्याला कन्नडमध्ये आपण लोळे म्हणतो. पण आंबवणाऱ्या जंतूंपैकी काही जण स्वतःही डिंक विणतात, हे फारसे कुणी सांगत नाही. इडलीचे पीठ फुगवणारा ल्युकोनोस्टॉक हा त्यातला पट्टीचा विणकर. मात्र त्याला कच्चा माल लागतो तो साखरेचा, आणि पिठात ती अगदी थोडी असते.

साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. हा जंतू आपल्या अंगाबाहेर एक एन्झाइम सोडतो. ते ही जोडी फोडते, फ्रुक्टोज मोकळे करते आणि ग्लुकोजच्या कडीला कडी जोडत हजारो कड्यांची साखळी बनवते. हेच डेक्स्ट्रान. गंमत अशी की नुसते ग्लुकोज दिले तर हे काम होत नाही. जोडी तुटताना जी शक्ती सुटते, तिच्यावरच नवी कडी जुळते.

पाश्चात्य देशांत आंबवलेल्या पिठाचा पाव करतात. त्या पिठात असे जंतू असतील आणि थोडी साखर घातली, तर पिठातच डेक्स्ट्रान तयार होते. ते पाणी धरून ठेवते, म्हणून पाव मऊ राहतो आणि उशिरा शिळा होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध आंबट पावातला जंतू उलटे करतो. तो फ्रुक्टोजची साखळी विणतो, तिला लेव्हान म्हणतात. (पावाला तार सुटून कुजक्या फळासारखा वास आला, तर तो वेगळ्याच जंतूचा उद्योग. तो पाव टाकून द्यावा.)

आता पिठातून आपल्या उसाच्या शिवारात या. या विणकराला हवी ती साखर जिथे भरपूर आहे, ती जागा म्हणजे उसाचे कांडे. कोयता बसला की कापलेल्या तोंडातून हा आत शिरतो. ऊस जळालेला असेल, हवा उबदार आणि दमट असेल, तर विचारूच नका. रस बुळबुळीत होतो, गाळायला वेळ लागतो, साखरेचा दाणा नीट न बसता लांबट होतो. त्यातून डेक्स्ट्रान प्रकाशाला उजवीकडे जोरात वळवते, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या यंत्राला रसात आहे त्याहून जास्त साखर दिसते!

१९४० च्या दशकात स्वीडनमध्ये ग्रोनवॉल आणि इंगेलमन या दोन संशोधकांनी बीटाच्या रसातल्या याच चिकट पदार्थावर काम केले. त्यातून रक्तस्राव झालेल्या रोग्याच्या शिरेत देण्याचे द्रावण तयार झाले, ते १९४७ मध्ये बाजारात आले. कारखान्याची डोकेदुखी दवाखान्यात उपयोगी पडली ती अशी.

पण ज्याचा ऊस बांधावर पडून आहे त्याला स्वीडनचे काय कौतुक? उसाचे पैसे वजनावर मिळतात आणि वाळून घटलेले वजन शेतकऱ्याच्याच पदरी येते. उतारा घसरला की त्यावर बेतलेला पुढचा दरही घसरतो, तो साऱ्यांचाच. तोडणीनंतर शक्यतो २४ तासांत गाळप व्हावे म्हणतात ते याचसाठी. एका हंगामात आमच्या दिरांचा ऊस तोडून झाला आणि गाडी आली चौथ्या दिवशी. ही जंतूची कथा त्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "अत्तिगे, तुमच्या जिलेबीवाल्याला एक रात्र पुरते. आमच्या उसाला त्यांनी तीन रात्री दिल्या."