अभ्यासाची रजा

हॉटेलच्या धंद्यात दोन प्रकारची माणसे शिरतात. एक वर्ग बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांची पदवी पदरात घेऊन येतो. 1954 साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने मुंबईत निघालेल्या संस्थेपासून या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे रूढ झाली असून गोव्यातील पर्वरीच्या अशाच संस्थेपर्यंत आज तिच्या विस्ताराची साक्ष मिळते. दुसरा वर्ग संख्येने कितीतरी मोठा आहे. तो गावाकडून एखाद्या नातलगाच्या ओळखीने येतो, भांडी घासतो, कांदा चिरतो, टेबले पुसतो आणि हाताला वळण लागेल तसतसा आचारी किंवा वाढपी होतो. पहिल्या वर्गाच्या उच्च शिक्षणाची चिंता करणारे पुष्कळ आहेत. मला आज दुसऱ्या वर्गाविषयी लिहावयाचे आहे. कारण दहा-पंधरा वर्षे इमानेइतबारे चाकरी करूनही हा मनुष्य ज्या हुद्द्यावर अडकून पडतो, तेथे त्याचे कसब कमी पडत नसून त्याला शिकण्यास अवसर मिळालेला नसतो, अशी माझी खात्री झाली आहे.

‘अनुभव हाच गुरू’ हे वचन या व्यवसायात फार ऐकू येते, आणि त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु ज्यांचे उदाहरण या वचनाच्या पुष्ट्यर्थ नेहमी देण्यात येते, ते मोहनसिंग ओबेरॉय 1922 साली सिमल्याच्या सेसिल हॉटेलात साध्या कारकुनाच्या जागेवर लागले आणि केवळ कर्तबगारीच्या बळावर मोठ्या हॉटेलसमूहाचे धनी झाले, ही अर्धीच हकिकत होय; उरलेली अर्धी अशी की, याच गृहस्थांनी 1966 साली आपल्या माणसांना तयार करण्यासाठी स्वतंत्र विद्यालय काढले. अनुभवाने वर चढलेल्या माणसालाच अनुभवाच्या मर्यादा अधिक स्पष्ट दिसाव्यात, हे स्वाभाविक आहे.

त्या मर्यादा कोणत्या, हे मुदपाकखान्यात उभे राहिल्यावर कळते. ज्याला तेथे ‘कॉमी’ म्हणतात तो हाताखालचा आचारी डोळे मिटून शंभर माणसांची ग्रेव्ही उतरवील. परंतु त्या ग्रेव्हीची एक वाटी मालकाला कितीला पडली, असे विचारताच तो गप्प होतो. समजा, 30 रुपये दराने 10 किलो कांदा आला आणि साल, देठ, नासका भाग काढून हाती 9 किलो राहिला, तर पातेल्यात पडणारा कांदा किलोमागे 30 रुपयांचा नसून 33 रुपयांच्याही वर गेलेला असतो. ही वजावट मासळीत, मटणात, पालेभाजीत निरनिराळी असते, आणि ती मांडून प्रत्येक पदार्थाचा जमाखर्च कागदावर उतरविणे, पुढच्या आठवड्याच्या मालाचे इंडेंट म्हणजे मागणीपत्र भरणे, गरम अन्न 60 अंशांच्या खाली आणि थंड अन्न 5 अंशांच्या वर का राहू द्यावयाचे नाही हे नवशिक्याला कारणांसह समजावून देणे, ही सारी वरच्या हुद्द्याची कामे आहेत. त्यांत बुद्धीला अगम्य असे काहीच नाही. पण ती नुसती पाहून येत नाहीत. कोणीतरी बसवून शिकवावी लागतात आणि शिकणाऱ्यापाशी बसावयास वेळ असावा लागतो.

आणि वेळ हीच तर खरी गोम आहे. सकाळी दहाला हजर व्हावे, तीनच्या सुमारास मोकळे व्हावे, पुन्हा सहा-सातला उभे राहून मध्यरात्रीपर्यंत राबावे, अशी ही ‘ब्रेक शिफ्ट’ माणसाचा दिवस अशा रीतीने मधोमध तोडते की, त्या मधल्या तीन-चार तासांत झोपेखेरीज दुसरे काही सुचत नाही. साप्ताहिक सुटी कोणत्या वारी मिळेल ते आठवड्याच्या तोंडावर कळणार. परीक्षा नेमक्या लग्नसराईत किंवा नाताळच्या गर्दीत येणार. नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे असे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून उभे आहे, पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी तजवीजही झाली आहे. परंतु विद्या दारात आली तरी हजेरीपत्रक तिला आत येऊ देत नाही.

पूर्वी हे इतके दुर्घट नव्हते. मुंबईच्या फोर्ट भागातील उडुपी हॉटेलांत दिवसा कपबशा विसळणारी कानडी मुले रात्री तेथल्याच रात्रशाळांत बसत, आणि ज्या मालकांनी त्यांना त्यासाठी मोकळे सोडले त्यांचा धंदा त्यामुळे बुडाल्याचे कधी ऐकिवात नाही. त्या मुलांतून पुढे स्वतः हॉटेलवाले झालेले कितीतरी निघाले.

मालकवर्गाचा नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे: शिकविलेला मनुष्य दुसरीकडे जातो. जातो, हे खरे. पण न शिकविलेला तरी कोठे राहतो? तो पाचशे रुपयांच्या वाढीसाठी समोरच्या हॉटेलात जातो, कारण वाढ मिळविण्याचा तेवढाच एक मार्ग त्याला मोकळा असतो. उलट गोव्याचे तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे, पाहावेत. सुरक्षिततेचे प्राथमिक शिक्षण घेतल्याचा दाखला असल्याखेरीज जहाजावर पाऊल टाकता येत नाही, हे ठाऊक असल्यामुळे तेथे घरोघर त्या शिक्षणाचा खर्च गृहीत धरलेला असतो. दर्यावर जी शिस्त अंगवळणी पडली ती जमिनीवर पडू नये, याला सबळ कारण मला तरी दिसत नाही. अन्नसुरक्षेच्या बाबतीत दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा असा दंडक सरकारने घातलाच आहे. ती जागा बाहेरून कागद घेऊन आलेल्या माणसाने भरण्यापेक्षा आपल्याच जुन्या आचाऱ्याला शिकवून भरणे मालकाच्या हिताचे आहे. त्याला त्या चुलीचे, त्या शीतकपाटाचे आणि त्या गिऱ्हाइकाचे गुणदोष आधीच माहीत असतात.

म्हणून हॉटेलमालकांच्या संघटनांना माझी विनंती आहे की, त्यांनी येत्या हंगामापूर्वी एवढे तरी ठरवावे: जो कामगार मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात नाव घालील त्याला मुदतभर सलग पाळी द्यावी, परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा द्यावी, निम्मे शुल्क आस्थापनेने सोसावे आणि दाखला हाती आल्यावर बढतीचा विचार करू असे मोघम न म्हणता पगारवाढीचा आकडा आधीच लेखी द्यावा. आणि जे आज कॉमी, वाढपी किंवा खोल्या आवरणारे आहेत त्यांनी या सवलतींसाठीचा अर्ज तोंडी न करता कागदावर, तारीख घालून करावा व त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी.