नवजाताचा पहिला प्रवास

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातील दंडाच्या रकमांवरून देशभर पुष्कळ गदारोळ माजला. मध्य प्रदेशादी काही राज्यांनी हे वाढीव दंड लागू करण्याचेच प्रथम नाकारले, तर आमच्या गोव्यात ते १ एप्रिल २०२२ रोजी अमलात आले. या वादात १९४-ब या कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. चौदा वर्षांखालील मूल सुरक्षा-पट्ट्याने किंवा मुलांसाठी केलेल्या खास आसनाने बांधलेले नसेल, तर वाहन चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंड, असे ते कलम सांगते. चौदा वर्षांखालील मुलांत दोन दिवसांचे मूलही आलेच. म्हणजे प्रसूतिगृहातून बाळंतिणीला घेऊन निघालेली आणि आजीच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले बाळ असलेली मोटार कायद्याच्या दृष्टीने अपराधी ठरते. असा दंड कोणाला झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आजीला दंड व्हावा अशी आमची इच्छाही नाही. परंतु कायद्यात हे कलम का आले, याचा विचार आजीने आणि तिच्या जावयाने केला पाहिजे, असे आम्हांस आग्रहाने वाटते.

उदाहरणादाखल हातोद घ्या. आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच हे नाव ऐकले असेल. इंदूर जिल्ह्यातील हे तहसिलीचे गाव शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. होळकरशाहीमुळे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी घराणी ज्या इंदुरात नांदत आली, त्याच शहरातील महाराजा तुकोजीराव किंवा महाराजा यशवंतराव रुग्णालयात अशा गावची अवघड बाळंतपणे पोहोचतात. दोन-तीन दिवसांनी परतीची वाट लागते, ती कधी भाड्याच्या मोटारीने, कधी रिक्षाने आणि, सांगताना संकोच वाटतो, कधी दुचाकीवर दोघांच्या मधोमध. सावंतवाडी-दोडामार्गाहून बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या आमच्या बाळंतिणींचे चित्र याहून निराळे नाही. वाट मात्र अधिक लांबीची आणि वळणांची.

मांडीइतके सुरक्षित स्थान जगात नाही, ही आपली जुनी समजूत. पाळण्यापुरती ती खरी आहे; धावत्या मोटारीत नाही. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या एक दशांश भागात थांबली, तर तीन किलोचे बाळ सुमारे बेचाळीस किलोच्या जोराने पुढे ओढले जाते. बेसावध बसलेल्या माणसाचे हात एवढा भार पेलू शकत नाहीत. प्रेमाचा आणि या हिशेबाचा काही संबंध नाही. मांडीवरच्या बाळासकट आपल्याभोवती एकच पट्टा लावणे तर त्याहूनही घातक, कारण धक्क्याच्या वेळी आपलेच वजन बाळावर पडते आणि ते आपण व पट्टा यांच्यामध्ये चिरडते. मागे बसले की भय नाही, हा दुसरा भ्रम. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हा ते मागच्याच आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

नवजाताचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते आणि मान ते सावरू शकत नाही. म्हणूनच त्याचे आसन गाडीच्या मागील काचेकडे तोंड करून बसवायचे असते. समोरून धक्का बसला, तर पाठ, मान आणि डोके ही तिन्ही एकदम आसनाच्या पाठीवर टेकतात. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांना ही कल्पना साठच्या दशकात अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७८ पासून अशा आसनांची सक्ती केली आणि पुढे तिथल्या साऱ्या राज्यांनी तिचे अनुकरण केले. योग्य आसनामुळे वर्षाखालील मुलांच्या मृत्यूचा धोका मोटारींत ७१ टक्क्यांनी घटतो, असा तेथील रस्ता-सुरक्षा खात्याचा हिशेब आहे.

आसन घेताना रंग, गादी आणि नाव यांना भुलू नये. ते जन्मापासून चालणारे आहे ना, हे आधी पाहावे. कारण दुकानात 'बेबी सीट' म्हणून दाखविलेली पुष्कळ आसने स्वतः बसू लागलेल्या मुलांची असतात. भारतीय किंवा युरोपीय प्रमाणाची खूण त्यावर हवी. आपल्या गाडीत ते घट्ट बसते का, हे विकत घेण्यापूर्वीच पडताळावे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत त्यासाठी आयसोफिक्स नावाच्या लोखंडी कड्या असतात; नसल्या तरी गाडीच्या पट्ट्याने बांधता येणारी आसने मिळतात. पुढच्या बाजूला हवेची उशी चालू असेल, तर तेथे असे आसन कदापि ठेवू नये. ती फुगली तर आसनाच्या पाठीवरच आदळते. बाळ साधारण पंचेचाळीस अंशांच्या कलाने टेकलेले असावे, कारण हनुवटी छातीला लागली तर श्वास कोंडतो. दुपटे व टोपरे यांचा जामानिमा पट्ट्याच्या आत नको. अंगावर साधे झबले, त्यावर पट्टा आणि हवे असल्यास वरून पांघरूण. लांबच्या वाटेत दोन तासांच्या आत थांबून बाळाला बाहेर काढावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाविषयी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून काही ठरवू नये.

भारत एनकॅपची योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि तिचे तारे आपल्याकडे जाहिरातींत झळकू लागले आहेत. मुलांच्या सुरक्षेचे तारे गाडीला मिळतात ते तिच्यात बालआसन बसवून केलेल्या परीक्षेत, हे विक्रेता सहसा सांगत नाही. आसनाविना ते तारे बाळाच्या कामाचे नाहीत.

येथे आपल्या रूढी आडव्या येतात. बाळ होण्याआधी त्याची खरेदी करू नये असा कित्येक घरांत दंडक आहे. आसन तर आधीच आणून बसवून पाहावे लागते. ज्यांच्या मनाला हे बोचते त्यांनी ते आत्याच्या किंवा मामाच्या घरी ठेवावे. रूढीही सांभाळली जाईल. बाळाला पहिले वस्त्र जुने, मऊ घालावे ही रीत आम्हांला फार प्रिय आहे, परंतु ती आसनाला लागू नाही. ज्या आसनाने एक अपघात सोसला आहे, त्याचे बळ वरून न दिसताही गेलेले असते. सख्ख्या बहिणीचे आणि माहितीतले असेल तर घ्यावे; बाजारातले अनोळखी जुने आसन स्वस्त असले तरी घेऊ नये.

काही हजार रुपयांचे आसन आणि त्याला लागणारी मोटार ज्यांच्यापाशी नाहीत, त्यांचे काय? देशातील बहुसंख्य बाळे याच घरांत येतात. दुचाकीसाठी केंद्राने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी नियम काढला: चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला शिरस्त्राण आणि ताशी चाळीसची मर्यादा. नऊ महिन्यांखालच्या डोक्याविषयी नियम मुका आहे, कारण त्या मानेला शिरस्त्राण पेलवतच नाही. यातून एकच अर्थ निघतो: नवजाताला दुचाकीवर आणूच नये. सरकारी रुग्णालयातून बाळंतीण व बाळ यांना मोफत घरी पोहोचविण्याची तरतूद २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. ही सवलत मागितली पाहिजे, तो हक्क आहे.

पण त्या गाडीत तरी बाळ कोठे असावे? आईच्या मांडीवर, हे उत्तर सरकारने स्वतःच केलेल्या कायद्याशी विसंगत आहे. आडव्या बाकावर बालआसन बसवता येत नाही. त्यासाठी पुढे तोंड असलेले पट्ट्याचे बाक हवे. जननी एक्स्प्रेसच्या प्रत्येक गाडीत असे एक बाक व एक आसन, आणि मोठ्या प्रसूतिगृहात अनामत घेऊन आठवडाभर देता येतील अशी थोडी आसने, एवढा खर्च शासनाला जड नाही. सलग सात वर्षे स्वच्छतेत पहिले येणाऱ्या इंदुराने ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय घरोघरी लावली. २०२५ च्या ऑगस्टात शिरस्त्राणाविना पेट्रोल नाही असा हुकूम त्या जिल्ह्याने काढून पाहिला. त्याच शहराच्या रुग्णालयाच्या फाटकावर, हातोदला निघालेल्या गाडीत डोकावून, बाळ कोठे ठेवले आहे हे परिचारिकेने विचारावे. बांबोळीतही उद्यापासून हे विचारता येईल. त्यासाठी निराळ्या हुकमाची गरज नाही.