कामावर परतताना बाळाचं दूध तोडू नका

बाळंतपणाची रजा संपत आली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आता वरच्या दुधाची सवय लावा, म्हणजे पुढे जड जाणार नाही.’ सासूबाई म्हणतात, शेजारीण म्हणते, कधी बाळाची आईच स्वतःची तशी समजूत घालते. जबलपूरच्या मराठी घरांतल्या लेकीसुनांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एवढ्यावरून बाळाला अंगावरून तोडू नका. तुमच्यातली कोणी जीसीएफमध्ये, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरीत आहे, कोणी रेल्वेच्या ऑफिसात, कोणी मेडिकलला नर्स, कोणी खासगी शाळेत शिक्षिका. नोकरी सांभाळून पाजणं तुमच्यापैकी बहुतेकींना जमण्यासारखं आहे. मात्र तयारी आधीपासून करावी लागते, आणि ती एकट्या आईने करायची नसते.

बाळ जितकं ओढतं तितकं दूध बनतं. दिवसाचे आठ-नऊ तास छाती भरलेलीच राहिली तर शरीर दूध कमी करतं. ‘नोकरीवर गेले आणि दूधच आटलं’ असं सांगणाऱ्या पुष्कळ जणींचं हेच झालेलं असतं. म्हणून कामावर असताना साधारण दर तीन तासांनी दूध काढायचं. पंप असला तर ठीक, नसला तरी अडत नाही. साबणाने हात धुवा, अंगठा आणि बोटं स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेला ठेवा, आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणून पिळा. पहिल्या दिवशी चमचाभरच निघेल. त्यावरून धीर सोडू नका, चार-सहा दिवसांत हात बसतो. म्हणूनच हा सराव रुजू व्हायच्या दोन आठवडे आधी सुरू करा. आणि जमलं तर गुरुवारी रुजू व्हा, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर सुट्टी येते.

दूध साठवण्याबद्दल पुस्तकात वाचलेलं आपल्याकडे जसंच्या तसं लागू करू नका. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं ते पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा दूध काढलं की झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या डबीत घालून थेट फ्रिजमध्ये, तेही दारात नाही, आतल्या बाजूला ठेवा. तिथे ते चार दिवस चालतं. ऑफिसात फ्रिज नसेल तर गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड बॅगेत दिवसभर राहतं. पाजताना उकळू नका, डबी कोमट पाण्यात धरा. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांच्या आत संपवा, उरलं तर टाकून द्या.

आता घरातल्या आज्यांशी थोडं बोलते. आजी, तुमच्या हातांवर हे सगळं उभं आहे. सून कामावर गेल्यावर बाळाला वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजा. बाटलीची सवय लागली की काही बाळं अंगावर प्यायला कुरकुरतात, शिवाय बाटली नीट धुतली गेली नाही तर जुलाब ठरलेले. डब्यातली पावडर आणि बाटल्या यांच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. आणखी एक. उन्हाळा कितीही कडक असो, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरून पाण्याचा थेंबही लागत नाही. आईच्या दुधातच त्याची तहान भागते. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभात, नाचणीची खीर सुरू झाली की दिवसाचं ओझं आपोआप हलकं होतं. पाजणं मात्र दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू द्यावं.

आई दिवसभर दिसली नाही की काही बाळं दिवसा थोडंच पितात आणि रात्री भरपूर मागतात. याने बाळ बिघडत नाही, ते दिवसाची कसर भरून काढतं. अशा वेळी सकाळचा डबा, कपडे, दूधवाला हे नवऱ्याने उचललंच पाहिजे. ‘मदत करतो’ या भाषेत बोलू नये, बाळ त्याचंही आहे.

छातीत गाठ झाली, जागा लाल झाली, ताप आला, तर पाजणं थांबवू नका. दूध निघत राहू द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

हक्काचं बोलू. मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्या विधेयकाची बाजू डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली विधिमंडळात मांडली होती. आपलं जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, आणि इथला कायदा १९३० चा. म्हणजे कामकरी बाईची ही मागणी आपल्या आज्यांच्या काळापासूनची आहे. १९६१ चा केंद्रीय कायदा २०१७ साली सुधारला. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीखेरीज रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीत १८० दिवसांची रजा आणि त्यावर बालसंगोपन रजाही मिळते. कितीतरी जणींना पाजण्याच्या सुट्टीचं कोणी सांगितलेलंच नसतं, आणि ऑफिसातल्या पुरुषांनाही ते ठाऊक नसतं.

खमरियाच्या आयुध कारखान्यात दारूगोळ्याच्या विभागात काम करणाऱ्या बहिणींनी रुजू होण्याआधीच कारखान्याच्या डॉक्टरांशी बोलून विभाग बदलून मागावा. घरी आल्यावर अंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्यावं. घरात बसून बिडी वळणाऱ्या बायकांचं तर काम घरातच चालतं. त्यांनी निदान बाळाला तंबाखूच्या सुपापासून लांब, दुसऱ्या खोलीत झोपवावं आणि पाजण्याआधी हात साबणाने धुवावेत. असंघटित कामगार म्हणून नोंद असेल तर मध्य प्रदेश सरकारची सोळा हजारांची प्रसूती सहायता आहे. तुमच्या घरी धुणीभांडी करणारी बाई गरोदर असेल तर तिची नोंद करायला तुम्ही सोबत जा. आणि बाळंतपणानंतर ती कामावर आली की बाळ घेऊन येऊ द्या, पाजायला एक कोपरा द्या.

साहेबलोकांकडे मागणं फार नाही. आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, हात धुवायला पाणी, फ्रिजमध्ये एक कप्पा. संडासात उभं राहून बाळाचं अन्न काढायची वेळ कोणावर येऊ नये.

तोंडी विचारलं की ‘बघू’ म्हणतात, म्हणून रुजू व्हायच्या पंधरा दिवस आधी अर्ज द्या. त्यात बाळाची जन्मतारीख, पाजण्याच्या किंवा दूध काढण्याच्या दोन सुट्ट्यांच्या तुम्हाला सोयीच्या वेळा आणि खोलीची मागणी एवढंच लिहा. हिंदीत लिहिलं तरी चालेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि ती प्रत घरी जपून ठेवा.