ओढ, खंड, ताण... आणि मग कुठे 'दुष्काळ'



पाऊस थांबला की आपण लगेच दुष्काळ म्हणत नाही. चार दिवस कोरडे गेले तर ती उघडीप. ती हवीच असते, वापसा येतो, कोळपणी-फवारणी उरकते. पुढं पावसानं ओढ दिली. मग खंड पडला. पीक दुपारी माना टाकायला लागलं की ताण बसला. आणि सकाळीही मान वर आली नाही की करपलं.

या नुसत्या बोलायच्या गोष्टी नाहीत, पायऱ्या आहेत. दुपारी सुकून रात्रीत सावरणारं सोयाबीन अजून हातात असतं. सकाळी उठत नाही ते गेलं. तेव्हाही काळ्या रानात थोडी ओल असते बरं का! पण बारीक माती ती इतकी घट्ट धरते की मुळीला ओढता येत नाही.

माणसाचंही तसंच. घशाला कोरड पडते तोवर अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. म्हाताऱ्या माणसांना तर तहान नीट कळतच नाही. म्हणून उन्हात तहानेची वाट बघायची नसते.

सरकारी कागद मात्र वाट बघतो. २०१८ च्या ऑक्टोबरात आधी १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' आली आणि ३१ तारखेला १५१ तालुक्यांत 'दुष्काळ'. तोवर मूग-उडदाचा हंगाम कधीच संपला होता. आणि त्या एका शब्दावर किती अडलेलं असतं बघा: महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, पंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी.

कुणी म्हणेल, घाई केली आणि पाऊस आला तर? येऊ दे की. सगळी मदत पहिल्याच दिवशी कोण मागतंय? खंड पडला की दिवसा वीज आणि चाऱ्याचं बियाणं द्या. ताण बसला की पंचनामे सुरू करा. कर्जाचं नंतर बघू. २०१६ च्या दुष्काळ संहितेतही पावसाचा खंड मोजायचं लिहिलेलं आहेच, मग मदत त्याच पायरीवर का सुरू होऊ नये?

तोवर आपलं काम आपण करू. शेवटचा पाऊस कधी झाला, पिकानं मान कधी टाकली, तारखा वहीत लिहा, फोटो काढून ठेवा. भेगा पडायच्या आत एक कोळपणी हाणा.

आणि हो, तुमच्या भागात या पायऱ्यांना काय म्हणतात तेही कळवा.